पुण्यात हॉटेल टाकताय? आधी गाळ्याचा नकाशा बघा, मेन्यू नंतर

माझा मामेभाऊ नऱ्ह्याला नाष्ट्याचं हॉटेल टाकतोय आणि गेले पंधरा दिवस रोज रात्री मी गल्ला मोजायला बसले रे बसले की त्याचा फोन, ताई हे लायसन लागतं का, ते लागतं का, एजंट तर म्हणतो सगळं मिळून एकरकमी द्या मी बघतो. शेवटी म्हटलं एकदाच लिहून काढते, म्हणजे त्यालाही वाचता येईल आणि अजून कुणी या भानगडीत पडत असेल तर त्यालाही. माझं कर्वेनगरला थाळीचं छोटं हॉटेल आहे, सात माणसं कामाला. मी वकील नाही, पण ठेचा बऱ्याच खाल्ल्यात.

सगळ्यात आधी गाळा. लायसनची यादी नाही, मशिनरी नाही, पोह्यात शेव घालायची का नाही तेही नाही. कारण पुढचे जवळपास सगळे कागद जागेवर अडतात आणि डिपॉझिट एकदा गेलं की तुम्ही मालकाच्या हातात. गाळा बघायला गेलात की चार गोष्टी मागा: मंजूर नकाशाची कॉपी, भोगवटा पत्र (बिल्डिंग वापरायला मिळालेली मंजुरी), टॅक्सची पावती आणि सोसायटी असेल तर तिची एनओसी. नकाशात तुमच्या गाळ्यावर काय लिहिलंय ते डोळ्यांनी वाचा, दुकान लिहिलंय का रहिवासी का पार्किंग. बरेच गाळे हे खरं म्हणजे बिल्डिंगचं पार्किंग असतं, भिंत घालून शटर लावलेलं, आणि बाहेरून कळत पण नाही. टॅक्स पावतीवर कमर्शियल लिहिलंय म्हणून जागा कमर्शियल झाली असं अजिबात नाही, टॅक्स हा वापरावर लावतात, नकाशा वेगळा. आणि नऱ्हे, मांजरी, वाघोली, सूस अशी जी २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली तिथल्या बिल्डिंगचे कागद पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, निघू शकतात, काहींचे तर ग्रामपंचायतीच्या काळातले, त्यामुळे तिथे डबल बघा.

माझं काय झालं सांगते. पहिला गाळा घेतला तेव्हा मालक म्हणाला आत तीन टेबलं बसतील, बाहेर शेड टाका, अजून पाच बसतील, सगळेच करतात. खरंच सगळेच करत होते. मी पत्र्याची शेड टाकली, खाली कोटा फरशी घातली, दोन पंखे लावले, आणि अकराव्या महिन्यात नोटीस आली की ही फ्रंट मार्जिन आहे, मोकळी सोडायची जागा. मग एक दिवस गॅस कटर घेऊन माणसं आली आणि दीड तासात आठाची तीन टेबलं झाली. भाडं मात्र आठ टेबलांच्या हिशोबानेच ठरलेलं! मालक म्हणे शेड तुम्ही टाकली, मी कुठे सांगितलं. तर बाहेरची जागा, साइड मार्जिन, टेरेस, यातलं काहीही धंद्याच्या हिशोबात धरू नका, नकाशात असेल तेवढंच तुमचं. आणि नाष्टा म्हणजे तळण आलं, तळण आलं की धूर आला, तर एक्झॉस्टचा पाइप बिल्डिंगच्या वरपर्यंत न्यायला सोसायटी लेखी हो म्हणते का हेही आधीच विचारा, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या तक्रारीने बंद पडलेली दोन किचन मला माहितीयेत.

जागा बरी वाटली की करार. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवलेलाच पाहिजे, नोटरी करून भागवू म्हणाले तर नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची आहे, नोंदला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. स्टॅम्प ड्युटी भाडं आणि डिपॉझिटच्या व्याजाच्या हिशोबावर ०.२५ टक्के असते, फार नाही, त्यासाठी कंजुषी करू नका. करारात 'हॉटेल व खाद्यपदार्थ व्यवसायासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या, आणि जागेच्या कागदात खोट निघून लायसन मिळालं नाही तर डिपॉझिट परत, ही एक ओळ. मालक कुरकुर करतो. जो जास्त कुरकुर करतो त्याच्या कागदात काहीतरी असतं असा माझा अनुभव.

आता शॉप ॲक्ट. महाराष्ट्राचा नवा कायदा २०१७चा, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू. लोकांना वाटतं प्रत्येकाला लायसन लागतं, तसं नाही. त्या कायद्यात १० किंवा जास्त कामगार असतील तर नोंदणी आणि १०च्या खाली असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, त्याची पावती मिळते, बँकेत करंट खातं उघडायला तीच चालते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हा १०चा आकडा २० करायला मंजुरी दिली, तर अर्ज भरताना पोर्टलवर कुठला आकडा येतोय ते बघून भरा. सूचना स्वतः भरता येते, आधार, पॅन, जागेचा कागद आणि बोर्डासकट गाळ्याचा फोटो एवढं तयार ठेवलं की अर्ध्या तासाचं काम, त्याचे एजंटला हजारो रुपये देऊ नका.

बोर्डाचं मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. २०२२च्या दुरुस्तीने एक माणूस कामाला असला तरी बोर्ड मराठीत, देवनागरीत पाहिजे, मराठी आधी आणि अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा माझ्या बोर्डावर इंग्रजी नऊ इंचाचं आणि खाली मराठी चार इंचाचं होतं, बोर्डवाला टेप लावून म्हणाला मॅडम नुसतं मराठी मोठं करायला जागाच नाही, पूर्ण बोर्डच नवा करावा लागेल. केला. त्यामुळे भावाला सांगितलंय, पहिल्या दिवसापासून मराठीच मोठं टाक. दंड कामगारामागे २००० रुपयांपर्यंत जातो. आणि त्याच दुरुस्तीत अजून एक आहे जे बऱ्याच जणांना माहीत नाही: जिथे दारू मिळते त्या जागेला थोर व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. पुण्यात ही आवड फार, म्हणून सांगून ठेवते.

फूड लायसनचा कायदा केंद्राचा, २००६चा, पण आपल्याकडे तपासणी राज्याचं एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, करतं. वर्षाच्या उलाढालीप्रमाणे नुसती नोंदणी का राज्याचं लायसन ते ठरतं, अर्ज फॉसकॉस पोर्टलवर. गाडी लावून वडापाव विकणाऱ्यालाही नोंदणी लागतेच. नंबर १४ आकडी, तो गल्ल्याजवळ लावायचा आणि बिलावर छापायचा, बिलाचं मशीन घेताना दुकानदाराकडूनच घालून घ्या. तपासणीला आले की काय बघतात? पाण्याचा रिपोर्ट, कामगारांचे मेडिकल सर्टिफिकेट, पेस्ट कंट्रोलची पावती, फ्रीजमध्ये कच्चं आणि शिजवलेलं वेगळं आहे का, तेल किती काळं झालंय. आचाऱ्याची नखंसुद्धा. आमच्याकडे एकदा सगळं ठीक निघालं आणि अडलं कशावर तर किचनमधल्या झाकण नसलेल्या कचऱ्याच्या डब्यावर, नव्वद रुपयांची गोष्ट, त्याचा लेखी शेरा आला.

फायरकडे सगळे दुर्लक्ष करतात. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा २००६चा आहे आणि मुंबईत कमला मिलला डिसेंबर २०१७ मध्ये आग लागून १४ जण गेले त्यानंतर हॉटेलांकडे नजर जास्त वळली. बिल्डिंगमध्ये बसवलेली आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं सर्टिफिकेट दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, त्याला फॉर्म बी म्हणतात. तुमची सोसायटी देते का विचारा, उत्तर ऐकून दचकाल. गॅसचं एक साधं गणित: १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला वेगळं लायसन लागत नाही, कमर्शियल टाकी १९ किलोची, म्हणजे पाच टाक्या ९५ किलो. सहावी आणलीत की गेलात नियमाबाहेर. टाक्या मागच्या बोळात मीटरच्या बोर्डाखाली ठेवू नका एवढं तरी कराच. जिथे पाइपचा गॅस आलाय तिथे तोच घ्या, डोकेदुखी निम्मी.

माणसांचं. नोंदणीच्या आकड्याच्या (आधीचा १०, नवा २०) खाली कामगार असतील तर २०१७च्या कायद्यातले तास, रजा वगैरे तुम्हाला थेट लागत नाहीत, वर असतील तर मूळ कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, त्यापुढे ओव्हरटाइम डबल, आठवड्याची सुट्टी. २०२५च्या त्या निर्णयात दिवसाचे १० केलेत पण आठवड्याचे ४८ तेच आहेत. किमान वेतन मात्र दोन माणसं असली तरी द्यायचंच. प्रोफेशन टॅक्स लोक विसरतात: १०,००० च्या वर पगार असेल तर महिन्याला २०० कापायचे, फेब्रुवारीत ३००, बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे, म्हणून माझ्या पोळीवाल्या मावशींचे मी कापत नाही, आधीच्या अकाउंटंटने कापले होते. मालकाचे स्वतःचे वर्षाला २५०० वेगळे. पाच किंवा जास्त माणसं झाली की कामगार कल्याण निधी भरायचा, जून आणि डिसेंबरचा. आणि गावाकडून कुणाचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा 'नुसतं पाणी द्यायला' ठेवू नका, १४ च्या आतलं पोर हॉटेलात कामाला ठेवणं २००६ पासूनच बंद आहे, यात गयावया चालत नाही आणि चालूही नये.

वेळेचं बोलायचं तर २०१७चा कायदा २४ तास उघडं ठेवायला परवानगी देतो, ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने परत लेखी स्पष्ट केलं की दारूच्या जागा सोडून बाकीच्यांना अडवू नका. त्या पत्राची प्रिंट गल्ल्यात ठेवा, रात्री अकराला कुणी शटर ओढा म्हणालं तर शांतपणे दाखवता येते.

पार्सल देणार असाल तर प्लास्टिक. राज्याची बंदी मार्च २०१८ची, पहिल्यांदा ५०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. कॅरीबॅग, थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे चमचे सगळं त्यात आलं. आम्ही घरून डबा आणणाऱ्याला एक वाटी रस्सा जास्त देतो, पुणेकर रश्श्यासाठी डबा आणतो.

परमिट रूम काढायचं डोक्यात असेल तर तो वेगळाच धंदा आहे, वेगळा कायदा, १९४९चा दारूबंदी कायदा, हो, नाव तेच आहे, महाराष्ट्रात दारू कागदोपत्री अजून बंदीच आहे आणि आपण परमिटवर पितो. एफएल-३ हे परमिट रूमचं लायसन एक्साइजकडून, शहरात शाळा-देवळापासून ७५ मीटरचं अंतर, बिअर-वाइनला ग्राहक २१चा आणि बाकीच्याला २५चा, रात्री दीडला बंद, आणि गणपतीत ड्राय डेची ऑर्डर वेगळी निघते ती बघत बसायची. २०२५ मध्ये टॅक्स वाढल्यावर बारवाल्यांनी जुलैत एक दिवस बंद पाळला होता त्यावरून अंदाज घ्या. हुक्का तर विचारूच नका, २०१८ पासून राज्यात बंद आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

एजंट घ्यायचा का? मी फक्त दोन कामांना घेते, अकाउंटसाठी सीए आणि फायरची एजन्सी, कारण ती त्यांचीच कामं आहेत. बाकी सगळं ऑनलाइन आहे. अर्ज अडला तर सेवा हक्क कायदा २०१५चा आहे, ठरलेल्या दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील टाकता येतं, आणि लॉगिन स्वतःच्या मोबाइल नंबरवरच उघडा, एजंटच्या नंबरवर उघडलं की पुढच्या वर्षी ओटीपीसाठी त्याच्या दारात.

हे लिहीत असतानाच भावाचा परत फोन आला. मी सांगितल्याप्रमाणे नकाशा मागितला होता, मालकाने तीन दिवस टाळाटाळ करून काल दिला. गाळ्याच्या जागेवर स्वच्छ अक्षरात पार्किंग लिहिलंय, गाडीचं चित्र पण काढलंय. डिपॉझिट अजून दिलं नव्हतं. आता रविवारी धायरीला एक बघायला जातोय, आणि यावेळी म्हणे मेजरिंग टेप घेऊनच.