ख्रिस्ती पंथांच्या हद्दी कशा ओळखायच्या? नवीन अभ्यासकांसाठी

ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकायला घेतलं की विद्यार्थी हमखास तक्ता आखतो: डावीकडे पंथ, उजवीकडे मतं. तक्ता लवकरच कोलमडतो, कारण छापील मत एक असतं आणि हद्द भलतीकडेच आखलेली असते. त्याआधी एक प्रश्न विचारा: दुसऱ्या पंथाचा माणूस आला तर हे लोक त्याला पुन्हा बाप्तिस्मा देतात का?

कॅथलिक चर्चमध्ये येणाऱ्या लुथरन किंवा अँग्लिकन माणसाचा दाखला पाहतात, विश्वासाची कबुली घेतात, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धेत पक्कं करण्याचा विधी) करतात. बाप्तिस्मा जुनाच चालतो. तो झाला की नाही याची खरोखर शंका असेल, तरच सशर्त बाप्तिस्मा, म्हणजे 'आधी झाला नसेल तर' या अटीवर दिलेला. मॉर्मन (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेल्या चर्चच्या) माणसाला मात्र तो नव्याने घ्यावा लागतो. व्हॅटिकनने 2001 साली तसा निर्णय दिला. खरं तर मॉर्मन विधीतही पाणी आहे, पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावंही आहेत. त्यांच्या श्रद्धालेखाच्या पहिल्या कलमात या तिघांवरच विश्वास व्यक्त केला आहे. नवख्याला त्यात काहीच खटकत नाही. गाडी अडते ती अर्थापाशी. निकेयाच्या परिषदेने 325 साली पुत्र पित्याशी 'एकतत्त्व', म्हणजे एकाच सत्त्वाचा, असल्याचं ठरवलं. मॉर्मन शिकवणीत हे तिघे हेतूने एक, पण वेगवेगळे आहेत. तेव्हा कलमात काय लिहिलंय ते वाचाच, काय गाळलंय तेही शोधा.

पण पुन्हा बाप्तिस्मा दिला म्हणजे समोरच्याला पाखंडी ठरवलं, असं लगेच लिहू नका. सर्वाधिक चुका इथेच होतात. बॅप्टिस्ट मंडळ्या प्रेस्बिटेरियन माणसाला बुडवून बाप्तिस्मा देतात, कारण तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांच्या लेखी बाप्तिस्माच नाही. त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, त्यांची काही तक्रार नसते. 2020 साली व्हॅटिकनने 'मी तुला बाप्तिस्मा देतो'ऐवजी 'आम्ही' म्हणून केलेले बाप्तिस्मे अवैध ठरवले. तिथे शिकवण ठीक होती, शब्द चुकले होते. म्हणून टिपणात कारणाचा वेगळा रकाना ठेवा: देवाविषयीची शिकवण, विधीचं रूप की घेणाऱ्याचं वय? शेवटच्या कारणावर तडजोडही होऊ शकते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात बॅप्टिस्टही होते, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले.

मग मतांगीकाराकडे, म्हणजे पंथाची श्रद्धा कलमवार मांडणाऱ्या लेखाकडे, वळा. त्याचं साल, त्यामागचं भांडण आणि त्यावर सही कुणाला करावी लागते, या तीन गोष्टी टिपा. असेंब्लीज ऑफ गॉड हा पेंटेकोस्टल पंथ 1914 साली मतांगीकाराशिवायच सुरू झाला. फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणाऱ्यांशी वाद पेटल्यावर 1916 साली त्यांना श्रद्धेची कलमं लिहावी लागली. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी या अभ्यासकांच्या संघटनेचा किस्सा तर मासलेवाईक आहे. 1949 सालच्या तिच्या मतपत्रात बायबल निर्दोष आहे एवढंच होतं. त्यावर त्रैक्य नाकारणाराही बिनदिक्कत सही करू शकला असता. त्रैक्याचं कलम आलं 1990 साली.

परंपरागत याद्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. कॉप्टिक, आर्मेनियन आणि केरळची मलंकारा ऑर्थोडॉक्स ही चर्चं ख्रिस्ताचे दैवी व मानवी असे दोन स्वभाव सांगणारी 451 सालची कॅल्सिडॉन परिषद मानत नाहीत, म्हणून जुन्या ग्रंथांत त्यांच्यावर 'एकस्वभाववादी' असा शिक्का आहे. तो त्यांना मान्य नाही. 1984 साली पोप दुसरे जॉन पॉल आणि याच गटातल्या सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क (प्रमुख) यांनी ख्रिस्ताविषयीची श्रद्धा एकच असल्याचं जाहीर केलं, आणि आपला धर्मगुरू मिळत नसेल तर एकमेकांच्या धर्मगुरूकडून पापनिवेदन, प्रभुभोजन व आजाऱ्यांचा तैलाभ्यंग घेण्याची मुभाही दिली. सामायिक मिस्सा मात्र अजून नाही. टिपणात 451 आणि 1984 शेजारीशेजारी लिहा आणि खाली 'आपला धर्मगुरू मिळत नसेल तर' ही अटही नोंदवा.