मुंबईच्या रस्त्यावर कॉइलओव्हर: बसवायचे कसे, जुळवायचे कसे

कॉइलओव्हर म्हणजे गाडीची उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप. ते घेणाऱ्या बहुतेकांना गाडी खाली बसलेली हवी असते. मुंबईत तो मोह आवरा. डॅम्पिंगचा नॉब असलेल्या किटचा खरा फायदा म्हणजे डॅम्पिंग, म्हणजे शॉकअप स्प्रिंगची उसळी किती आवरतो ते, तुमच्या हातात येतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. सोसायटीच्या गेटवरचे गतिरोधक मात्र अरुंद आणि टोकदार असतात. आपल्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६-१७ सेंमी, आणि चार माणसं बसली की तोही घटतो. म्हणून १५ ते २० मिमीपेक्षा जास्त खाली जाऊ नका. स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये) गाडी लावत असाल तर प्लॅटफॉर्मच्या कडेला बंपर लागेल का, हे पैसे देण्याआधी मोजून घ्या.

कायद्याचंही आधी पाहा. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत. आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

कोणता प्रकार घेतलाय ते ओळखा

कंपनीच्या शॉकअपवर स्प्रिंगची बैठक पक्की असते. कॉइलओव्हरच्या नळीवर आटे असतात आणि बैठक त्यांवर वरखाली फिरते. कॉइलओव्हरचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ही बैठक फिरवूनच उंची बदलतात. त्यात फार खाली गेलात तर चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल पडते आणि खड्ड्यात खडखडते. दुसऱ्या प्रकारात खालचा ब्रॅकेटच नळीवर फिरतो. स्प्रिंगला हात न लावता उंची बदलते आणि शॉकअपची चाल (दबण्या-ताणण्याचं अंतर) तेवढीच राहते. बजेट असेल तर मी दुसरा प्रकार सुचवीन. फक्त ब्रॅकेटमध्ये किमान किती आटे गुंतायला हवेत ते किटच्या पुस्तिकेत बघा आणि त्यापेक्षा कमी ठेवू नका.

जुने काढणं

आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. खाऱ्या हवेत आणि चार पावसाळे काढलेल्या गाडीत लिंक रॉडचे (शॉकअपला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या दांड्याचे) नट हमखास जाम झालेले असतात. सपाट जागेवर, टाकी अर्धी भरलेली असताना, चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. जमिनीपासून मोजलंत तर टायरमधल्या हवेनेही माप चुकतं. पोडियमच्या उतारावर हे काम करूच नका.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. पुढच्या बाजूला ब्रेक पाइप आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून सोडवा, लिंक रॉड काढा, नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) दोन बोल्टची जागा मार्करने खुणावून ते काढा. नकलला खालून आधार द्या, नाहीतर त्याचं सगळं वजन ब्रेक पाइपवर येतं. मग बॉनेटखालचे वरचे नट सोडले की शॉकअप हातात येतो.

इथे थांबा. वरच्या माउंटचा (शॉकअप बॉडीला जोडणाऱ्या टॉप माउंटचा) मधला नट स्प्रिंग दाबलेली असताना सोडला तर ती उसळून जीवघेणी इजा करू शकते. जुना टॉप माउंट आणि बेअरिंग नव्या शॉकअपवर वापरायचं असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. तो नीट हाताळता येत नसेल तर एवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या.

मागे बहुतेक हॅचबॅकना टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो आणि त्यात सहसा स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. बीमखाली जॅक ठेवून शॉकअपचा खालचा बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग मोकळी होते. उतरवताना हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, याकडे लक्ष असू द्या.

नवे बसवणं

आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा. स्प्रिंगची बैठक हाताने फिरवत स्प्रिंगचा खेळ संपेपर्यंत आणा, मग पुस्तिकेत जेवढा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) दिलाय तेवढाच द्या आणि लॉक कॉलर, म्हणजे बैठक जागेवर धरणारी कडी, हुक पान्याने आवळा. डावी-उजवी मापं टेपने मोजून सारखी करा. मधल्या नटवर इम्पॅक्ट गन चालवू नका. शाफ्ट गरागरा फिरून सील खराब होतं. बाकीचे बोल्ट गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने कसा. रबरी बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळायचे, नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

शाफ्ट दिसत असेल तर त्यावर एक झिप टाय बांधून तो शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवा. फेरीनंतर तो जिथवर सरकलेला दिसेल तिथवर शॉकअप दबला होता. बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबताना अडवणाऱ्या रबरापर्यंत) गेला असेल तर पहिल्या प्रकारात बैठक वर घ्या. दुसऱ्या प्रकारात ब्रॅकेट फिरवून काही साधणार नाही; प्रीलोड किंवा जास्त कडक स्प्रिंग यांचाच विचार करावा लागेल.

जुळवणं

थोडं चालवून गाडी बसू द्या, मग पुन्हा मोजा. डाव्या-उजव्या उंचीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि चाकाच्या कमानीतल्या लायनिंगवर बोट फिरवा. कुठे घासून चकाकी आली असेल तर लगेच कळतं.

डॅम्पिंगचा नॉब हलक्या हाताने कडक बाजूला थांबेपर्यंत फिरवा, जोर लावू नका. तिथून मागे येत क्लिक मोजा. सुरुवात मधल्यापेक्षा मऊ बाजूला करा आणि एका ॲक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीवर) दोन्हीकडे तेच ठेवा. मग रविवारी पहाटे, वेगमर्यादा पाळून, ईस्टर्न फ्रीवेवर फेरी मारा. सांध्यांवरून गेल्यावर गाडी पुन्हा पुन्हा डोलत राहिली तर दोन क्लिक कडक करा. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर कंबरेला धक्के बसत असतील तर दोन क्लिक मऊ. एका वेळी एकच ॲक्सल बदला आणि क्लिकचा आकडा लिहून ठेवा. बरेच जण नवा माल म्हणून कडक बाजूलाच ठेवतात. खड्ड्यांत मग चाक रस्ता सोडून उडतं आणि ब्रेकही नीट लागत नाही.

गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन कोकणात जाणार असाल तर तेवढं वजन घालून सोसायटीच्याच गतिरोधकावर आधी पाहा. मागून घासत असेल तर मागची उंची वाढवा. उंची कायम ठरली की मगच व्हील अलाइनमेंट करा, कारण उंचीबरोबर टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेरचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही बदलतात; बिघडलेला टो टायर आतून खाऊन टाकतो. हेडलाइटचा रोखही तपासून घ्या. साधारण १०० किमीनंतर सगळे बोल्ट आणि कॉलर पुन्हा तपासा. वळताना कटकट येत असेल तर आधी टॉप माउंट आणि लिंक रॉड बघा.

पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी आटे पाण्याने धुऊन ब्रशने रेती काढा, पूर्ण वाळू द्या आणि गंजरोधक स्प्रे मारा. तो ब्रेकच्या डिस्कवर मात्र उडू देऊ नका.