कॉलेजात सीएमई ठेवायचं काम गळ्यात पडलं असेल तर

राउंड संपल्यावर चहा पिता पिता एचओडी (विभागप्रमुख) सर सहज म्हणतात, "या वेळची सीएमई तू बघ", तेव्हा समजायचं की पुढचे दोन महिने गेले. सीएमई म्हणजे कंटिन्यूइंग मेडिकल एज्युकेशन, दवाखाना-नोकरी सांभाळणाऱ्या डॉक्टरांना नवं शिकवायची सभा. माझ्या गळ्यात हे पहिल्यांदा पडलं तेव्हा मी सगळ्यात आधी बॅनरचं डिझाइन करायला बसले होते, यावरून किती कळत होतं ते बघा. नंतर चार-पाच वेळा हेच काम केलं, बोलणी खाल्ली, एकदा ऐन वेळी वक्ता आलाच नाही, तेही निभावलं. आता बडोद्यात कुठल्याही ज्युनियरला हे काम मिळालं की तो मला फोन करतो आणि मी तेच तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. हे सगळं रविवारच्या अर्ध्या दिवसाच्या, शंभरेक डॉक्टरांच्या सीएमईबद्दल आहे. तीन दिवसांची कॉन्फरन्स हे वेगळंच लग्न असतं, त्यात मी पडत नाही.

पहिलं काम विषय. "रिसेंट अपडेट्स इन अमुक" असलं नाव सुचलं की पेन खाली ठेवा. स्वतःला विचारा, आलेला माणूस सोमवारी सकाळी त्याच्या दवाखान्यात हाताने काय वेगळं करणार आहे? ते एका वाक्यात सांगता आलं नाही तर विषय पक्का झालेला नाही. हे माझं डोकं नाही हं, 2009 च्या कोक्रेनच्या (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात अशा सभांमुळे डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात पडलेला फरक साधारण 6 टक्क्यांच्या घरात निघाला होता, आणि त्यातही नुसत्या लेक्चरपेक्षा लेक्चर अधिक चर्चा-प्रात्यक्षिक असं मिश्रण बरं ठरलं, आणि गुंतागुंतीच्या सवयी बदलायला तर असल्या सभांचा उपयोग आणखीनच कमी. म्हणजे आधीच हातात थोडं आहे, ते पंधरा विषयांत वाटू नका.

मी उदाहरण सर्पदंशाचंच देते कारण आमची त्यातल्या त्यात जमलेली सीएमई तीच. पावसाळा आला की डभोई, सावली, पादरा, पार छोटा उदेपूरकडून पेशंट येतात आणि पहिला डॉक्टर ज्याने बघितलेला असतो तो तिथला जनरल प्रॅक्टिशनर किंवा पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) मेडिकल ऑफिसर. मग आमचं एक वाक्य काय होतं, "प्रत्येकाने काचेच्या नळीत वीस मिनिटांची टेस्ट करून मगच पेशंट पुढे पाठवावा". (पेशंटचं रक्त नळीत वीस मिनिटं ठेवायचं, गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय असं धरायचं.) बस. बाकी सगळा कार्यक्रम या एका वाक्याभोवती.

तारीख ठरवताना पंचांग आणि बडोदं दोन्ही बघावं लागतं. नवरात्रात कोणी येणार नाही, रात्री गरबा खेळून आलेला माणूस रविवारी नऊला उठतच नाही. 14 आणि 15 जानेवारीला अख्खं गाव धाब्यावर असतं (गच्चीवर हो, हायवेवरच्या धाब्यावर नाही). दिवाळीत लाभपाचमीपर्यंत दवाखान्यांची शटर खाली, आणि गणपतीत दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मराठी मंडळी घरचा गणपती सोडून येत नाहीत, मी पण नाही येणार. सर्पदंशाची सीएमई पाऊस सुरू व्हायच्या आत पाहिजे, म्हणून आम्ही जूनचा पहिला रविवार धरला. रविवारच का, तर बाकी दिवशी सकाळ-संध्याकाळ दवाखाना बुडवून फुकटातसुद्धा कोणी येत नाही. साडेनऊ ते दीड. दीडच्या पुढे एक मिनिट नाही, घरी जेवायला वाट बघत असतात.

तारीख ठरली की त्याच दिवशी क्रेडिट अवरचा, म्हणजे सीएमईचे मान्य तास मिळण्याचा, अर्ज. हे मागे टाकू नका. एमसीआयच्या (तेव्हाची मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया) 2002 च्या नियमांत पाच वर्षांत 30 तास सीएमई असं आहे आणि गुजरात मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना ते तास मोजले जातात, त्यामुळे निम्मे लोक क्रेडिटसाठीच येतात, यात वाईट वाटून घेऊ नका, आले की शिकवायचं आपल्या हातात आहे. मंजुरी आधी यावी लागते, कार्यक्रम झाल्यावर क्रेडिट मागायला गेलात तर काही मिळत नाही. अर्जात विषय, वक्ते, प्रत्येक सेशनची वेळ सगळं लागतं, म्हणजे वक्ते त्याआधी पक्के पाहिजेत. आणि नोंदणीच्या फॉर्मवर कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आणि नाव रजिस्ट्रेशनवर आहे तसंच लिहायला सांगा. एकदा आम्ही नुसतं "डॉ. पटेल" घेतलं होतं, बडोद्यात! सर्टिफिकेट छापताना अकरा पटेल निघाले, तीन दिवस फोन करत होतो.

सरकारी मेडिकल ऑफिसरांना यायला वरून परवानगी लागते. पत्रात नुसतं "उपस्थित राहावे ही विनंती" लिहू नका, केंद्राने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणलाय, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलंय, त्याच्या दोन ओळी टाका. असल्या ओळीने फाइल पटकन सरकते.

पैशाचं थोडक्यात सांगते. एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) मंडळी मदत करतात, पण आता 12 मार्च 2024 चा यूसीपीएमपी (औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची सरकारी आचारसंहिता) आहे, डॉक्टरांना भेटवस्तू बंद, कंपनीच्या खर्चाने प्रवास-मुक्काम फक्त वक्त्यालाच, सीएमईचा खर्च उघड आणि हिशेबात पाहिजे. त्यामुळे कंपनीचा पैसा घ्यायचाच असेल तर कॉलेजच्या खात्यात, पावती फाडून, आणि बाहेर एक स्टॉल, विषय संपला. स्लाइडवर ब्रँडचं नाव नको. आम्ही तर तीनशे रुपये फी लावली आणि गंमत म्हणजे फी लावल्यावर लोक जास्त आले, फुकटात नोंदवलेले निम्मे येत नाहीत.

वक्ता शोधताना मोठ्या नावामागे धावू नका. अहमदाबाद-मुंबईहून येणारे सर छान बोलतात, पण त्यांच्या लेक्चरमध्ये व्हेंटिलेटर, प्लाझ्माफेरेसिस असतं आणि समोर बसलेल्याकडे एक ऑक्सिजन सिलेंडर असतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न कुणाला आले माहितीये? आदिवासी पट्ट्यात बारा वर्षं नोकरी केलेल्या एका मेडिकल ऑफिसरला, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरला होता. त्यांनी मण्यारचा किस्सा सांगितला. रात्री जमिनीवर झोपलेला मुलगा, पहाटे पोटात दुखतंय म्हणून आणला, चावल्याची खूण नाही, सूज नाही, आईवडील म्हणतायत काल रात्री काहीतरी वेडंवाकडं खाल्लं असेल, आणि तासाभरात पापण्या खाली. हॉल गप्प झाला होता.

वक्त्याला फोनवर "सर, तुम्हाला काय योग्य वाटेल ते" असं म्हणायचं नाही. एक पान पाठवा: समोर कोण बसणार, वीस मिनिटं, कुठले तीन मुद्दे आलेच पाहिजेत, आणि कुठला मुद्दा दुसरा वक्ता घेतोय. नाहीतर चारही वक्ते "भारतात चार मुख्य विषारी साप, नाग मण्यार घोणस फुरसे" या स्लाइडने सुरू करतात. वेळेसाठी पहिल्या रांगेत एक रेसिडेंट (पीजी करणारा डॉक्टर) बसवा, पाच मिनिटांचं पिवळं कार्ड, शून्याचं लाल. आणि चेअरपर्सनला आधीच, हात जोडून, सांगा की स्वतःचं लेक्चर द्यायचं नाहीये.

उद्घाटन. दीप, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, डीन सरांचे दोन शब्द, एचओडींचे दोन शब्द, आणि दोन शब्द म्हणजे पंधरा मिनिटं हे तुम्हाला माहितीच आहे. साडेनऊला उद्घाटन ठेवलं की साडेनऊला हॉलमध्ये फक्त आयोजक आणि रेसिडेंट असतात, मग "थोडी वाट बघू", मग पहिला वक्ता तासभर उशिरा. माझा उपाय असा की साडेनऊला थेट पहिलं सेशन सुरू करा आणि उद्घाटन अकराला, चहाच्या आधी, बारा मिनिटांत. तोपर्यंत हॉल भरलेला असतो, पाहुण्यांना भरलेला हॉल आवडतो, आणि पुढे चहा असल्यामुळे भाषणं आपोआप आवरतात. पहिल्या वेळी सर "असं कुठे असतं का" म्हणाले, आता ते स्वतःच असं करायला सांगतात.

हॉल आदल्या दिवशी बघायचा म्हणजे दारातून डोकावून नाही. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप लावून, प्रत्येक वक्त्याची फाइल उघडून, शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं आणि वाचता येतंय का बघायचं. व्हिडिओ वेगळा कॉपी करून घ्या, पेनड्राइव्हवरची फाइल उघडते आणि व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येतो. मॅक आणणारा एक तरी वक्ता असतो आणि त्याच्याकडे प्रोजेक्टरला लावायची जोडणी नसते, ती आपण ठेवायची. पॉइंटरचे सेल, कॉलर माइकचे सेल. ऑडिटोरियमच्या काकांना आदल्या दिवशी चहा पाजा, कुठल्या प्लगमध्ये करंट नाही ते फक्त त्यांनाच माहीत असतं. मोबाइलवरच्या क्विझच्या भानगडीत मी पडत नाही, शंभर माणसं एकदम लिंक उघडतात आणि नेटवर्क झोपतं. लाल-हिरवी-पिवळी कागदाची कार्डं वाटा, प्रश्न विचारा, कार्ड वर करा म्हणा. कोण चुकलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे चर्चाही रंगते. सुरुवातीला पाच प्रश्न आणि शेवटी तेच पाच, हा आकडा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी हॉल मागताना दाखवता येतो.

आता प्रात्यक्षिक, इथे सगळ्यात जास्त डोकं लावा. शंभर माणसं, चार टेबलं असं केलं तर एका टेबलाला पंचवीस येतात आणि मागचे पंधरा मोबाइल बघतात. म्हणून प्रत्येक टेबलाचे दोन संच, म्हणजे आठ टेबलं, टेबलाला बारा-तेरा माणसं, वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्या, दीड तास गेला धरा. एका टेबलावर बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), कारण मण्यारच्या पेशंटला रस्त्यात श्वास देता आला तर तो वाचतो. दुसऱ्यावर मुदत संपलेल्या अँटी स्नेक व्हेनमच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, स्टोअरमधून लेखी घ्यायच्या, मोजून परत करायच्या. पावडर विरघळवताना हलवली तर फेस होतो, हळू गोल फिरवायची असते, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीचा डोस 10 वायल, आणि लहान मुलालाही तेवढाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही, हे वाक्य तिथे तीनदा बोलायचं, आणि शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवायची सवय (औषधाची रिअॅक्शन आली तर लागते). तिसऱ्यावर रेफर चिठ्ठी लिहायची: चावल्याची वेळ, टेस्ट किती वाजता आणि काय आली, किती वायल कधी दिल्या. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर "स्नेक बाइट, रेफर टू हायर सेंटर" एवढंच असतं, त्याचं काय करायचं सांगा.

आणि चौथं टेबल नळीचं. एका रेसिडेंटने (विचारून, जबरदस्ती नाही) रक्त दिलं, 2 मिली काचेच्या कोरड्या नव्या नळीत, 2 मिली प्लास्टिकच्या साध्या नळीत. दोन्ही स्टँडमध्ये, घड्याळ लावलं, हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी काचेची नळी एकदाच तिरकी केली, गोळा जागच्या जागी. प्लास्टिकची केली तर रक्त सरळ वाहिलं. माणूस तोच, निरोगी! काचेला लागून रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये तशी होत नाही, आणि साबणाने धुतलेल्या काचेतही गडबड होते. म्हणजे चुकीच्या नळीमुळे नसलेलं विष दिसतं आणि दहा वायल उगाच जातात. एक वयस्कर डॉक्टर, डभोईकडचे, बराच वेळ दोन्ही नळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बेन, मी इतकी वर्षं इंजेक्शनच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत करतोय." तेवढ्यासाठी माझे दोन महिने वसूल. वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात, हे टेबल लावतानाच ठेवा, नंतर शोधत बसू नका.

वीस मिनिटं थांबायचं असतं त्यामुळे हे टेबल आयत्या वेळी सुरू करून चालत नाही, पहिल्या गटासाठी चहाच्या वेळातच नळ्या भरून ठेवा आणि पुढे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ताज्या. हे आम्ही विसरलो होतो, पहिला गट नुसता स्टँडकडे बघत बसला.

खाण्याचं सांगायचं तर नाश्त्याला खमण आणि पोहे, नऊ ते साडेनऊ, नंतर ताटं उचलायची, नाहीतर लोक अकरापर्यंत बाहेरच उभे. जेवण शेवटी. मध्ये श्रीखंड-पुरी ठेवलीत तर पुढच्या वक्त्याचं नशीब. सर्टिफिकेट जेवणाच्या काउंटरशेजारी, फीडबॅकचा कागद दिल्यावरच, त्याआधी दिलंत तर बाराला हॉल रिकामा.

फीडबॅकमध्ये "कार्यक्रम कसा वाटला" विचारू नका, सगळे "एक्सलंट" लिहितात. विचारा, उद्या काय बदलणार आणि ते करायला काय अडचण येईल? आम्हाला सत्तर-पंचाहत्तर कागदांवर एकच उत्तर आलं, काचेच्या नळ्या मिळत नाहीत, हल्ली सगळं प्लास्टिक. मग दांडिया बाजारातल्या एका सर्जिकलवाल्याला गाठून दहा-दहाची पाकिटं करून घेतली. सहा आठवड्यांनी रेसिडेंटला यादी देऊन वीस-पंचवीस जणांना फोन करायला लावले, त्यातले काही उचलतच नाहीत. डभोईच्या काकांनी उचलला. पेशंट तपासत होते म्हणून घाईत होते, एवढंच म्हणाले, "पाकीट संपलं, अजून दोन पाठव, आणि एक सावलीवाल्या डॉक्टरला पण."