सही केली, पण वेळ कुणाची?

टेंडरची मुदत दुपारी ३ ला संपत असेल तर डिजिटल सह्या आदल्या दिवशीच उरका. आणि टोकन, म्हणजे सहीचा तो यूएसबी, लावण्याआधी कॉम्प्युटरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. हसू नका! सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी कागद करायला बसलो होतो. मालकांनी २ वाजून २० मिनिटांनी पिन टाकला आणि पीडीएफवर उमटलं ३ वाजून २ मिनिटं. ऑटोमॅटिक टाइम कुणीतरी बंद करून ठेवला होता. जमा करायची वेळ पोर्टल स्वतःच्या सर्व्हरची धरतं म्हणून निभावलं, पण काळजाचं पाणी झालं.

दुसऱ्याची फाइल आली तरी हेच बघायचं. अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा, सहीवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. वेळ सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घेतली आहे, असं तिथं लिहिलेलं असेल, तर ती वेळ फक्त त्याच्या शब्दावर. टाइमस्टॅम्प जोडलेला आहे असं दिसलं, तर फाइलचा नव्हे, सहीचा हॅश (तिच्यावरून गणिताने काढलेला छोटा ठसा) टाइमस्टॅम्प सर्व्हरकडे गेला आणि तिथून वेळेसह सहीशिक्का होऊन परत आला. तो शिक्का कुणाच्या सर्टिफिकेटने मारलाय तेही उघडून बघा. फुकटातला कुठलाही सर्व्हर चालवून घेऊ नका. आपल्याकडे अशी सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांना परवाना देणारा अधिकारी २००० च्या आयटी कायद्याखालचा कंट्रोलर, म्हणजे सीसीए.

टाइमस्टॅम्पचा खरा उपयोग नंतर कळतो. डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटची, मुदत फार तर ३ वर्षं. हमीपत्र त्याहून जास्त चालणारं असेल, तर सही केली तेव्हा सर्टिफिकेट जिवंत होतं हे सिद्ध करायला तोच शिक्का लागतो. त्यासोबत सर्टिफिकेट रद्द झालं नव्हतं याची माहितीही फाइलमध्येच साठवून घ्या.

पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून सही खोटी ठरत नाही. बहुतेकदा सीसीएचं रूट, म्हणजे मुळाशी असलेलं, सर्टिफिकेट त्या मशीनवर विश्वासू म्हणून नोंदलेलं नसतं. तसंच, वेळेपुढे +०५'३०' (भारतीय वेळेची खूण) नसेल तर साडेपाच तासांचा घोळ आधी मनात मिळवा, मगच समोरच्याला फोन करा.

सही झालेली पीडीएफ पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' करू नका, स्कॅन तर नकोच. चित्र उरतं, सही जाते. मूळ फाइल तशीच पेनड्राइव्हवर ठेवा, नाव बदललं तरी चालतं.