घरची गाडी चोरीला गेली तर काय करायचं, आणि सापडली तर काय करायचं

सकाळी मुलीला सोडायला म्हणून खाली उतरले तर रात्री गाडी लावलेली जागा मोकळी. पहिली पाच मिनिटं डोकं चालतच नाही, मला वाटलं मीच दुसरीकडे लावली असेल, म्हणून कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन आले. आमची गाडी नवव्या दिवशी सापडली. त्या नऊ दिवसांत आणि नंतर महिनाभर जे काय करावं लागलं ते क्रमाने लिहितेय, कारण तेव्हा हे सांगणारं कोणीच नव्हतं.

पायरी १, आधी खात्री करा. घरातलं कोणी घेऊन गेलंय का, चुकीच्या जागी लावली म्हणून टो केलीय का, हप्ते थकलेत म्हणून फायनान्सवाल्यांनी उचललीय का, हे दोन-तीन फोन करून बघा, दहा मिनिटांच्या वर त्यात घालवू नका. त्या मोकळ्या जागेचे फोटो काढा. काचेचे तुकडे पडले असतील तर हात लावू नका, झाडून काढू नका. काच पडली असेल तर फोडून नेली, आणि काहीच खूण नसेल तर चावीचा सिग्नल पकडून किंवा थेट उचलून नेली असू शकते, पोलिसांना यातूनही अंदाज येतो.

पायरी २, लगेच पोलीस. संध्याकाळी निवांत जाऊ असं करू नका. चोर बऱ्याचदा गाडी जवळपासच्या एखाद्या गल्लीत एक-दोन दिवस तशीच उभी ठेवतात, ट्रॅकर असेल तर कोणीतरी शोधत येईल हे त्यांना माहीत असतं, म्हणून सुरुवातीचे तास फार मोलाचे. तिथं गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि चॅसी नंबर विचारतात. आणि इथंच आम्ही अडकलो, कारण सगळी कागदपत्रं गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होती, म्हणजे गाडीबरोबरच गेली! चॅसी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात (१ आणि ० शी गोंधळ होऊ नये म्हणून), त्यामुळे तुम्ही लिहिलेल्यात यातलं अक्षर आलं तर उतरवताना चुकलंय. हा नंबर विमा पॉलिसीवर हमखास असतो, सर्व्हिसिंगच्या बिलावरही बऱ्याचदा सापडतो. आजच तुमच्या गाडीच्या सगळ्या कागदांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, हे वाचता वाचताच करा.

नंबरापेक्षाही कामाच्या असतात त्या गाडीवरच्या खुणा. नंबर प्लेट तर चोर पहिल्यांदा बदलतात. आमच्या मागच्या डाव्या दारावर मुलीच्या सायकलचं हँडल घासून हातभर लांब, शेवटी वर वळलेली रेघ पडली होती, ती मी तक्रारीत मुद्दाम लिहून घेतली, आणि शेवटी गाडी प्रथम ओळखली गेली ती त्या रेघेवरूनच. तक्रारीची प्रत आणि नंबर घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

गाडीत कंपनीचं ॲप, ट्रॅकर किंवा एअरटॅगसारखं (वस्तू कुठं आहे ते फोनवर दाखवणारं छोटं बटणासारखं यंत्र) काही असेल तर लोकेशनचे वेळेसकट स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांना द्या. तुम्ही स्वतः जाऊ नका, प्लीज. तिथं किती माणसं आहेत, त्यांच्याकडे काय आहे, आपल्याला काहीच माहीत नसतं, आणि गाडी पुन्हा घेता येते, घरचं माणूस नाही. एअरटॅगबद्दल एक लक्षात ठेवा, अनोळखी टॅग बरोबर फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते, म्हणजे तो टॅग काढून फेकायच्या आत जे काय लोकेशन मिळेल तेच तुमचं.

त्याच दिवशी शेजारी आणि समोरच्या दुकानात सीसीटीव्हीचं विचारा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवीन चढतं, त्यामुळे नुसतं बघून घेऊ नका, ती क्लिप वेगळी सेव्ह करून ठेवायला सांगा. आणि गाडीत घराची चावी किंवा गॅरेजचा रिमोट असेल तर कुलूप आजच बदला, कारण कागदांवर पत्ता आहे आणि नेव्हिगेशनमध्ये 'होम' सेव्ह आहे.

पायरी ३, विमा कंपनी. हेही त्याच दिवशी. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर ती समोरच्याच्या नुकसानीपुरती असते, चोरीचे पैसे तिच्यात मिळत नाहीत. ज्यांच्या पॉलिसीत चोरी धरलेली असते त्यांना बहुतेक वेळा सगळ्या मूळ चाव्या जमा करायला सांगतात, एक चावी नसेल तर प्रश्न विचारतात, आणि चावी गाडीतच राहिली होती असं झालं असेल तर तसंच खरं सांगा, खोटं सापडलं तर अख्खा क्लेम जातो. गाडीवर कर्ज असेल तर गाडी गेली तरी हप्ते सुटत नाहीत, बँकेला कळवा आणि क्लेमचा निकाल लागेपर्यंत हप्ते भरत राहा.

ओळखीच्या ग्रुपवर गाडीचा फोटो जरूर टाका, फक्त सगळ्या खुणा सांगू नका. आम्हाला दोन फोन आले, 'गाडी आमच्याकडे आहे, आधी थोडे पैसे पाठवा.' मी दोघांना एकच विचारलं, मागच्या दारावर काय आहे सांगा. दोन्ही फोन कट झाले.

आता गाडी सापडली तर. लोकांना वाटतं इथं सगळं संपलं, पण मला विचाराल तर खरं काम इथून सुरू होतं. फोन आल्यावर विचारून घ्या की गाडी नक्की कुठं आहे, चालू आहे का, ताब्यात घ्यायला कुठले कागद लागतात आणि यार्डात रोजचं भाडं लागतंय का. हात लावायच्या आधी विमा कंपनीला कळवा. क्लेमचे पैसे मिळून गेले असतील तर गाडी आता साधारणपणे त्यांची झालेली असते.

गाडी बघितल्यावर मला रडूच आलं. सीट पार मागे सरकवलेली, आरसा कोणा उंच माणसासाठी फिरवलेला, आत सिगारेटचा वास. लगेच पुसायला घेऊ नका. ठशांचं काम झालंय का विचारा, मग बाहेरून-आतून सगळे फोटो, किलोमीटरच्या आकड्यासकट. सीटखाली उघडा हात घालू नका, सुया किंवा ब्लेड असू शकतं, जाड हातमोजे घाला. दुसऱ्या कोणाच्या वस्तू सापडल्या तर फेकू नका, पोलिसांना द्या. आमच्या म्युझिक सिस्टिमच्या ब्लूटूथ यादीत एक अनोळखी फोन जोडलेला दिसला, त्याचा फोटो पोलिसांना दिला आणि त्यांनी हो म्हटल्यावरच सिस्टिम रीसेट केली.

गाडी चालवत घरी आणू नका, टो करूनच गॅरेजला न्या. या दिवसांत ती कशी हाकली, कुठं आदळली, काही कळत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, चाकांचे नट, ऑइल, कूलंट, एअरबॅग जागेवर आहे का, सगळं बघायला सांगा आणि स्कॅनर लावून घ्या. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (इंजिनाचा धूर साफ करणारा भाग) बघा, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून तो कापून विकतात. लहान मुलाची सीट असेल तर ती बदलाच, धक्का बसलेली सीट बाहेरून धडधाकट दिसते.

मग चाव्या. गाडीच्या मेमरीतून जुन्या सगळ्या चाव्या काढून नव्याने रजिस्टर करून घ्या, कुलपंही बदला, नाहीतर चोराकडची चावी उद्याही चालेल आणि गाडी कुठं उभी असते हे त्याला माहीत आहे. बटणावर चालू होणारी गाडी असेल तर चावीचा सिग्नल बाहेरून पकडता येऊ नये म्हणून घरातली चावी झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, डबा घेऊन गाडीजवळ उभं राहून दार उघडतंय का ते तपासा, उघडलं तर तो डबा कामाचा नाही. बाहेरून दिसणारं स्टिअरिंग लॉकसुद्धा लावा, ते बघूनच काहीजण पुढे जातात.

शेवटचं काम सगळे विसरतात. पोलिसांच्या नोंदीतून 'चोरीची गाडी' हा शेरा काढलाय याची लेखी खात्री घ्या, नाहीतर मुलांना घेऊन जाताना तुम्हालाच अडवतील. मधल्या तारखांचे दंड किंवा टोल तुमच्या नावावर आले तर तक्रारीची प्रत जोडून हरकत घ्या. आम्हाला असा एक दंड दोन महिन्यांनी आला, त्यावर गाडीचा फोटो होता, प्लेट आमचीच होती, आणि मागच्या दारावरची रेघ स्पष्ट दिसत होती.