शिरीषकुमारचा फलक शाळेत कसा करावा

मुंबईच्या शाळांत ९ ऑगस्टला क्रांतिदिनाचा फलक लागतो आणि शिरीषकुमारचा फोटो त्यातच एका कोपऱ्यात चिकटवला जातो. हा शाळकरी स्वातंत्र्यसैनिक गेला ९ सप्टेंबर १९४२ला, नंदुरबारमध्ये, तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवरच्या पोलिसांच्या गोळीबारात. त्याचा फलक वेगळाच हवा.

२२ बाय २८ इंचांच्या दोन कार्डशीट उभ्या धरून शेजारी-शेजारी जोडा. डावीकडच्या एक तृतीयांश जागेत मुंबई: ८ ऑगस्टचा गोवालिया टँकवरचा ‘छोडो भारत’ ठराव, दुसऱ्या दिवशी पहाटेची धरपकड. चार ओळी पुरेत. बाकी सगळं नंदुरबार.

वयात हमखास चूक होते. जन्म २८ डिसेंबर १९२६, म्हणजे १५ वर्षं ८ महिने. तरी सर्रास १६ लिहितात. ही वजाबाकी नववी-दहावीच्या मुलांनाच करायला द्या. उत्तर आलं की वर्ग आपोआप गप्प होतो, कारण निम्मी मुलं त्याच वयाची असतात. नकाशात पश्चिम खानदेश जिल्हा दाखवा. नंदुरबार जिल्हा १९९८चा आहे.

झेंडा सर्वांत जपून काढा. हात सवयीने अशोकचक्राकडे जातो, पण ते आलं जुलै १९४७मध्ये. शिरीषकुमारच्या हातातल्या तिरंग्यावर चरखा होता. १८ बाय १२ सेंटिमीटरचा आयत, ४-४ सेंटिमीटरचे केशरी, पांढरा, हिरवा पट्टे. चरखा मधल्या पट्ट्यात, निळा. आधी पेन्सिलीने काढा.

लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही त्याच गोळीबारात गेले. पाचही नावं एकाच मापाच्या अक्षरांत हवीत, निदान दीड इंची. चौघांना ‘व इतर’मध्ये ढकलणं हा अन्याय आहे. शिरीषकुमारच्या तोंडी अवतरणचिन्हांत संवाद घालू नका. ते शब्द सांगणाऱ्यागणिक बदलतात. ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ (झुकणार नाही) ही घोषणा मात्र जरूर लिहा, आणि गुजरातीतच ठेवा. मुलं ‘नमशे’चं ‘नमेंगे’ करून टाकतात.

सप्टेंबरात हवा दमट. साध्या स्केचपेनची शाई पसरते, खळीने कागद फुगतो. परमनंट मार्कर आणि दुहेरी टेप वापरा. फक्त चार कोपऱ्यांना पिना मारल्या तर कार्डशीट मधून पोटासारखी पुढे येते. कडेने दर सहा इंचांवर पिन लावा. पाच नावांची ओळ जमिनीपासून साडेचार फुटांवर येऊ द्या, मुलांच्या डोळ्यांसमोर.