अमोनियम क्षारातील हायड्रोजन बंध कसे तपासावेत

प्राथमिक अमोनियम क्षाराची (ज्याच्या धन आयनात नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले असतात) सीआयएफ फाइल, म्हणजे स्फटिकरचनेची माहिती साठवणारी फाइल, उघडल्यावर थेट हायड्रोजन बंधांच्या तक्त्याकडे वळू नये. हायड्रोजन अणू जेथे ठेवले गेले त्यावरूनच तो तक्ता तयार होतो, त्यामुळे त्या जागा चुकल्या असतील तर तक्ताही चुकतो.

प्रथम आम्लाकडून नायट्रोजनकडे प्रोटॉनचे स्थानांतर खरोखर झाले आहे का, हे पाहावे. ऋण आयन कार्बोक्झिलेट असेल तर त्याचे दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बंध सुमारे १.२५ अँगस्ट्रॉम लांबीचे असतात, एक १.२१ आणि दुसरा १.३१ च्या आसपास असेल तर प्रोटॉन आम्लावरच राहिलेला असतो. मात्र आम्लगटात अव्यवस्था असल्यास, म्हणजे तो स्फटिकात एकाहून अधिक स्थितींत आढळत असल्यास, सरासरीमुळेही लांबी सारखी दिसते, म्हणून केवळ या एका खुणेवर विसंबू नये. फरक-नकाशात (मोजलेली आणि प्रतिकृतीवरून काढलेली इलेक्ट्रॉन-घनता यांतील फरक दाखवणाऱ्या नकाशात) नायट्रोजनभोवती तीन स्पष्ट शिखरे दिसली, तरच निष्कर्ष पक्का समजावा. शेलएक्सएल या रचना-परिष्करणाच्या संगणक-प्रणालीत ‘एएफआयएक्स १३७’ ही सूचना दिल्यास तीन हायड्रोजनांचा हा गट कार्बन-नायट्रोजन बंधाभोवती फिरवून योग्य कोनात बसवता येतो.

क्ष-किरणांना इलेक्ट्रॉनांची घनता दिसते, आणि हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन बंधाकडे ओढलेला असतो. त्यामुळे नायट्रोजन-हायड्रोजन अंतर ०.९ अँगस्ट्रॉमच्या आसपास भरते, तर न्यूट्रॉन विवर्तनात ते सुमारे १.०३ येते. म्हणून तुलना दाता (हायड्रोजन ज्याला जोडलेला असतो तो नायट्रोजन) आणि ग्राही (ज्याच्याकडे तो हायड्रोजन वळतो तो अणू किंवा आयन) यांच्यातील अंतरांची करावी. हे अंतर क्लोराइडसाठी साधारण ३.१ ते ३.३ आणि कार्बोक्झिलेटच्या ऑक्सिजनसाठी २.७ ते २.९ अँगस्ट्रॉम असते. अंतरासोबत दाता-हायड्रोजन-ग्राही हा कोनही पाहावा: तो १८० अंशांच्या जितका जवळ तितका बंध बळकट, आणि ११० च्या खाली गेल्यास त्याला हायड्रोजन बंध म्हणण्याचे धाडस करू नये.

असममित एककात, म्हणजे सममितीने ज्यातून संपूर्ण स्फटिक उभा राहतो त्या लहानात लहान भागात, बहुधा एकच धन आयन आणि एकच ऋण आयन दिसतो, म्हणून शेजारचे ग्राही सममिती-क्रियांनी निर्माण केल्याशिवाय जाळे उमगत नाही. क्लोराइडांमध्ये दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन आणि दोन क्लोराइड मिळून झालेले आठ अणूंचे वलय वारंवार भेटते; हायड्रोजन बंधांच्या जाळ्यांचे वर्णन करणाऱ्या, रसायनशास्त्रज्ञ मार्गारेट एटर यांच्या आलेख-संच पद्धतीत ते चार दाते (येथे प्रत्येक हायड्रोजन एक दाता मोजतात) आणि दोन ग्राही असलेले वलय म्हणून नोंदवतात. अशी वलये जोडली जाऊन पट्ट्या किंवा थर बनतात आणि जलविरोधी कार्बनी भाग त्यांच्या बाहेर राहतो.

शेवटी तिन्ही हायड्रोजनांना ग्राही मिळाला आहे का, हे मोजावे. एखादा मोकळा राहिला तर त्याची जागा पुन्हा तपासावी, आणि ती बरोबर निघाली तर जवळपास नोंदवायचा राहून गेलेला पाण्याचा रेणू आहे का, ते नकाशात शोधावे.